मंडळातल्या कोचना ट्रेन कसं करायचं, म्हणजे सगळीच पोरं खेळतील

मुंबईत उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की मैदानामैदानावर कॅम्पचे बॅनर लागतात, शिवाजी पार्क, क्रॉस मैदान, उपनगरातली महापालिकेची ग्राउंडं, सगळीकडे, आणि पहिल्या दिवशी चाळीस-पन्नास पोरं हजर असतात. जून लागेपर्यंत त्यातली किती राहतात ते मोजून बघा. गळतात ती बहुतेक ठरलेलीच असतात, ज्यांना धावायला जमत नाही, जी जरा जाड आहेत, बुजरी आहेत, ज्यांच्याकडे स्वतःची बॅट नाही, आणि मुली. मग आईवडील म्हणतात, त्याला आवडच नाही हो खेळाची. आवड नसती तर पहिल्या दिवशी सकाळी साडेसहाला उठून आला असता का? त्याला खेळायला मिळालेलंच नसतं, म्हणून तो घरी बसतो.

आणि हे सगळं कोचच्या हातात असतं असं माझं ठाम मत आहे. ग्राउंड छोटं आहे, पैसे नाहीत, पाऊस आहे, हे सगळं खरं, पण त्याच ग्राउंडवर एका कोचकडे पोरं टिकतात आणि दुसऱ्याकडे टिकत नाहीत हे आपण सगळ्यांनी बघितलंय. आपल्याकडे कोच होतो कसा, तर मंडळाकडून कबड्डी नाहीतर खो-खो खेळलेला मुलगा, जिल्ह्यापर्यंत गेलेला, नोकरीला लागला की संध्याकाळी लहान पोरांना घ्यायला लागतो. खेळ त्याला उत्तम येतो, करतोही मनापासून, बऱ्याचदा फुकट. पण दहा वर्षांच्या पंचवीस पोरांना एकाच वेळी कसं खेळवायचं हे त्याला कोणी दाखवलेलं नसतं, त्यामुळे त्याच्या सरांनी त्याला जसं शिकवलं तसंच तो शिकवतो. पटियालाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) सर्टिफिकेट कोर्स, फुटबॉलवाल्यांसाठी एआयएफएफचं (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं) डी लायसन्स, हे ज्याला जमेल त्याने जरूर करावं. पण मंडळातले सगळे दादा-ताई सुट्ट्या टाकून तिकडे जाऊ शकत नाहीत. खाली लिहिलंय ते दोन रविवार सकाळ आणि नंतर थोडं लक्ष ठेवणं एवढ्यात होतं, मंडळ असो, शाळा असो नाहीतर सोसायटीची बॅच असो.

कोणाला बोलवायचं

आत्ता जे शिकवतायत ते सगळे, शाळेचे पीटीचे सर किंवा बाई, आणि पंधरा-सोळा वर्षांची मोठी पोरं जी लहानांना घेतात ती पण. आणि एक काम आवर्जून करा, मंडळाच्या जुन्या मुली शोधा, ज्या खेळायच्या आणि आता लग्न होऊन दोन स्टेशनं पलीकडे राहतायत. फोन केलात तर त्यातल्या एक-दोघी नक्की येतात, कोणी विचारलं नाही म्हणून त्या येत नसतात. मुलींची बॅच असेल तर ग्राउंडवर एक ताई पाहिजेच, ही गोष्ट सोयीप्रमाणे बघू म्हणून सोडायची नाही.

बारा-पंधराच्या वर माणसं घेऊ नका, कारण हे ट्रेनिंग खुर्च्या मांडून करायचं नाहीये. प्रोजेक्टर नको, भाषण नको, ग्राउंडवर उभं राहून करायचं. आणि अध्यक्ष-कार्यवाह यांना पहिला अर्धा तास बसवा. त्यांच्यासमोर स्पष्ट बोलून घ्या की बारा वर्षांखालच्या बॅचच्या कोचला वर्षाच्या शेवटी ‘किती ढाली आणल्यास’ हा प्रश्न विचारायचा नाही, ‘किती पोरं टिकली’ हा विचारायचा. हे वरून ठरलं नाही तर बाकी सगळं वाया जातं, कारण कोच शेवटी ज्याचा हिशोब द्यावा लागतो तेच करणार.

पहिला रविवार: कागद, पेन आणि एक पोरगा

पहिल्या सकाळी नेहमीची प्रॅक्टिस नेहमीसारखीच होऊ द्या, एकाने ती घ्यायची. बाकीच्या कोचना बाउंड्रीवर बसवायचं आणि प्रत्येकाला एकच मूल बघायला द्यायचं. चांगलं खेळणारं नाही, ज्याच्याकडे सहसा लक्ष जात नाही असं. वीस मिनिटं दुसरीकडे बघायचं नाही. कागदावर चारच गोष्टींच्या रेघा मारायच्या: बॉलला हात किती वेळा लागला, किंवा चढाई किती वेळा केली, किती मिनिटं नुसतं उभं राहिलं, कोचने नाव किती वेळा घेतलं, आणि घेतलं ते कशासाठी.

एका कबड्डीच्या बॅचला हे केलं तेव्हा एका दादाच्या वाट्याला चष्मा दोरीने बांधलेला एक बारका मुलगा आला होता. वीस मिनिटांत त्याची एक चढाई, तीही चार सेकंदांची, कारण लगेच पकडला. मग बाहेर बसला. बसल्या बसल्या मातीत बोटाने रेघोट्या मारत होता. आत कोणीतरी आउट झालं की मान वर करून बघायचा, आपला नंबर आला का ते, मग परत खाली. नाव एकदा घेतलं गेलं, तेही नाव नव्हतंच, ‘ए चष्मा, सरक मागे’. तो दादा स्वतः चांगला कोच आहे, पोरं त्याच्यावर जीव टाकतात. त्याने कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “सर, हा माझ्याकडे दोन वर्षं येतोय.” त्यानंतर मला त्याला काही समजावून सांगायची गरजच पडली नाही. म्हणून सांगतो, ही वीस मिनिटं कितीही घाई असली तरी कापू नका.

मग सगळ्यांनी गोल बसून कागद वाचायचे आणि साधा हिशोब करायचा. क्रिकेटवाल्यांचा घ्या, एक नेट, वीस पोरं, दीड तास. नव्वद मिनिटं भागिले वीस, म्हणजे एकाला साडेचार मिनिटं बॅटिंग, तीही सगळ्यांना सारखी मिळाली तर, आणि आपल्याला माहितीय की सारखी मिळत नाही, ओपनरला पंधरा मिनिटं आणि शेवटच्याला ‘उद्या घे’. खो-खोमध्ये नऊ जण मैदानात, त्यातले आठ पाटीवर बसलेले, धावणारा एकच, आणि एका वेळी आत पळणारे तीन. बाकीचे पोरगे बाहेर टाळ्या वाजवतायत. मॅचसाठी हे बरोबर आहे, लहान पोरांच्या रोजच्या प्रॅक्टिससाठी नाही.

रांग मोडायची

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, माझ्या मते अर्धं ट्रेनिंग हेच आहे. नियम एकच द्यायचा: कुठल्याही ड्रिलमध्ये एकामागे तीनपेक्षा जास्त पोरं उभी राहता कामा नयेत. मग कोचना म्हणायचं, आता तुमची नेहमीची प्रॅक्टिस या नियमात बसवून दाखवा.

कबड्डी असेल तर फक्कीने तीन छोटी मैदानं आखा, चार विरुद्ध चार, चढाई तीस सेकंदांऐवजी वीस. आउट झालेला बाहेर बसणार नाही, तो मागच्या भिंतीला हात लावून परत आत येणार. आउट म्हणजे बाहेर हा नियम लहानांच्या सरावात सगळ्यात जास्त नुकसान करतो, कारण ज्याला कमी जमतं तो पहिला आउट होतो आणि सगळ्यात जास्त वेळ बसतो, म्हणजे ज्याला सरावाची गरज सर्वात जास्त त्यालाच तो मिळत नाही. लंगडी, डॉजबॉल, साखळी, सगळीकडे हेच आहे, बघा.

क्रिकेटमध्ये जोड्यांचा खेळ लावा. दोघांची जोडी, ठरलेल्या ओव्हर पूर्ण खेळणार, आउट झाले तर पाच रन वजा, पण बॅट हातातून जाणार नाही. बोलिंग प्रत्येकाने करायची, कीपिंग फिरतं. सीझन बॉल लहानांना सुरुवातीला नकोच, टेनिस बॉल द्या, म्हणजे पॅड-ग्लोव्हज नसलेला मुलगाही पहिल्या दिवसापासून खेळतो. किटचा खर्च काही हजारांत जातो आणि चाळीतल्या-वस्तीतल्या किती पोरांचं क्रिकेट तिथेच थांबतं हे दादर-परळच्या कुठल्याही जुन्या कोचला विचारा. फुटबॉलला तीन विरुद्ध तीन, गोलकीपर नाही, चपला ठेवून छोटे गोल. खो-खोला दोन खांबांमधलं अंतर कमी करून पाटीवर चार-चार जण, असे दोन-तीन संच बाजूबाजूला.

आणि हे कागदावर नाही करायचं. आपल्या मैदानावर एका बाजूला दुसऱ्या क्लबचं नेट असतं, दुसऱ्या बाजूला आजी-आजोबा फेऱ्या मारत असतात, मधून कोणाचा तरी बॉल येतो. तेव्हा प्रत्येक कोचला साधारण बॅडमिंटन कोर्टाएवढी जागा द्या, बारा पोरं द्या आणि पाच मिनिटांत खेळ उभा करायला सांगा, कोन नसतील तर बाटल्या आणि दप्तरं. बाकीच्यांनी बाहेरून तोच कागद घेऊन बसायचं. पावसाळ्यात शाळेचा हॉल किंवा पार्किंग एवढीच जागा मिळते, त्यासाठीही एक प्लॅन करून घ्या, नाहीतर जून ते सप्टेंबर प्रॅक्टिस बंद आणि बंद झालेली पोरं दिवाळीनंतर परत येत नाहीत.

कोचने बोलायचं कसं

याला काही जण हलकं समजतात, गोड बोलण्याने काय खेळाडू होतात का वगैरे. तर त्यांना हे सांगा. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठाचे स्मिथ आणि स्मॉल या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांच्या बेसबॉल कोचना जेमतेम अडीच तासांचं ट्रेनिंग दिलं, विषय एवढाच की प्रयत्नाचं कौतुक करा, चूक झाली की धीर द्या आणि नीट काय करायचं ते सांगा, ओरडणं-शिक्षा बंद. १९९२ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात ट्रेनिंग न घेतलेल्या कोचकडची २६ टक्के मुलं पुढच्या सीझनला आली नाहीत, ट्रेनिंग घेतलेल्यांकडची फक्त ५ टक्के. आणि दोन्हीकडच्या टीमच्या हार-जितीत म्हणावा असा फरक नव्हता. म्हणजे पोरं परत आली ती जिंकण्यामुळे नाही.

याची प्रॅक्टिस करायची जोड्या लावून. एकाने कॅच सोडलेल्या पोराचं काम करायचं, दुसऱ्याने कोचचं. “अरे काय करतोयस, लक्ष कुठाय” यात पोराला काही कळत नाही, फक्त वाईट वाटतं. त्याऐवजी “बॉलखाली वेळेत पोचलास, छान. आता बोटं वर ठेव आणि बॉल आला की हात छातीकडे घे. चल, परत एक.” एवढंच. लांबड नको. आपल्या लोकांना कौतुक करताना सुरुवातीला अवघडल्यासारखं होतं, दोन-चार वेळा करून घेतलं की जीभ वळते.

जाड्या, काळ्या, बुटक्या, चष्मिस ही हाक पहिल्या दिवसापासून बंद, लाडाने असली तरी. शिक्षा म्हणून मैदानाच्या फेऱ्या पण बंद, ज्या धावण्याची गोडी लावायची तेच शिक्षा म्हणून दिलं तर पोरगं धावण्याचा तिरस्कारच करणार. आणि हात उचलायचा नाही, कुठल्याही कारणाने नाही. इथे मुंबईत हमखास कोणीतरी आचरेकर सरांचं उदाहरण देतं, की सचिनलाही सरांची थप्पड बसली होती. बसली होती, सचिनने स्वतः सांगितलंय. पण स्टम्पवर रुपयाचं नाणं ठेवून पोराला आउट न होण्याची गोडी लावणारे, स्कूटरवर बसवून त्याला एका मॅचवरून दुसऱ्या मॅचला नेणारे तेच सर होते, उचलायचं तर ते उचला.

प्रत्येकाला खेळात घेण्यासाठी काय बदलायचं

दुसऱ्या रविवारी चिठ्ठ्या करा. एकीवर ‘ऐकू येत नाही’, एकीवर ‘कमी दिसतं’, एकीवर ‘व्हीलचेअर’, एकीवर ‘गर्दीत घाबरतो’, एकीवर ‘मराठी-हिंदी दोन्ही येत नाही, महिन्यापूर्वीच मुंबईत आलाय’. कोचने चिठ्ठी उचलायची आणि चालू खेळात त्या मुलाला कसं घेणार ते दोन मिनिटांत करून दाखवायचं. अडला की चार गोष्टी विचारा: जागा बदलता येते का, नियम बदलतो का, साहित्य बदलतं का, जोडीदार बदलतो का. ऐकू न येणाऱ्या मुलासाठी शिट्टीबरोबर हात वर किंवा लाल रुमाल, आणि सूचना देताना कोचचा चेहरा त्याच्याकडे, उन्हाकडे पाठ करून नाही, नाहीतर त्याला ओठ दिसत नाहीत. कमी दिसणाऱ्यासाठी खुळखुळणारा बॉल किंवा बॉल प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, आवाज येतो. व्हीलचेअरवाल्याला स्कोअरर करून बाजूला बसवणं हे उत्तर नाही, त्याला खेळायलाच घ्यायचं.

जमतं का असं कोणी म्हटलं तर शिवाजी पार्कलाच बोट दाखवा. तिथल्या समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे सरांनी दृष्टिहीन मुलांना मल्लखांब शिकवलाय, खांबावर चढायचा मल्लखांब! त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली.

कॅप्टनने एकेक पोरगा निवडत टीम पाडणं बंद करा. शेवटी जे उरतं त्याला रोज सगळ्यांसमोर कळतं की आपण कोणालाच नकोय. टीम कोचने पाडायच्या, आदल्या दिवशी, रंगाच्या पट्ट्या वाटून.

मुलींचं थोडं वेगळं बोलावं लागतं. त्या अकरा-बारा वर्षांच्या झाल्या की गळायला लागतात आणि कारणं कोचला कोणी सांगत नाही. ग्राउंडजवळ वापरता येईल असं टॉयलेट आहे का, पाळीच्या दिवसांत ‘आज मी बाजूने करते’ असं ताईला हळूच सांगता येतं का, प्रॅक्टिस सातला संपते की पावणेआठला, कारण काळोख पडल्यावर घरून पाठवत नाहीत. ट्रॅक पँट किंवा लेगिंग घालून खेळायला परवानगी द्या, शॉर्ट्सचा आग्रह नको, ओढणी-स्कार्फ घालणारी असेल तर तो नीट पिनअप करून खेळू दे. कोचने यातलं एकेक तपासून आपल्या ग्राउंडचं उत्तर लिहून आणायचं.

वयाचं पण एक सांगा. अंडर-१२ ची कट-ऑफ १ जानेवारी असेल तर जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरमधला यांच्यात जवळजवळ वर्षाचा फरक असतो, त्या वयात तो फरक उंचीत आणि ताकदीत दिसतो, आणि आपण त्यालाच टॅलेंट समजून मोठ्याला निवडतो. नॉर्वेत मुलांच्या खेळाचे नियम १९८७ पासून आहेत, लहान मुलांच्या मॅचचे निकाल, टेबल, रँकिंग ११ व्या वर्षापर्यंत लावतच नाहीत. लोकसंख्येने मुंबईच्या निम्म्याहून लहान असलेल्या त्या देशाने २०२२ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये १६ सुवर्ण घेतली, सगळ्या देशांत जास्त. तेव्हा दहाव्या वर्षी पोरं गाळली नाहीत तर चॅम्पियन कसे होणार, ही भीती सोडून द्या.

सुरक्षेचं, थोडक्यात पण न चुकता

पॉक्सो कायदा २०१२ चा आहे आणि त्यात अठराच्या आतल्या मुलाचं लैंगिक शोषण झाल्याचं कळलं किंवा संशय आला तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. ‘मंडळाचं नाव खराब होईल, आपसात मिटवू’ हे चालत नाही, हे अध्यक्षांच्या समोर बोला. चाइल्डलाइनचा नंबर १०९८, तो बोर्डावर मोठ्या अक्षरात. एका मुलाला एकटं खोलीत घेऊन ट्रेनिंग नाही, मसाज नाही, रात्री पर्सनल मेसेज नाहीत, जे काही ते पालकांच्या ग्रुपवर. टूरला गेलात तर मोठ्यांची आणि मुलांची झोपायची खोली वेगळी.

पाणी दर पंधरा-वीस मिनिटांनी, तहान लागली म्हणून कोणी हात वर करायची वाट न बघता. आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, त्यामुळे एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये अकरा ते चार मैदानावर लहान पोरं नकोच. रोजे असतील त्या मुलांना त्या महिन्यात हलका सराव, आणि ते त्याला सगळ्यांसमोर सांगायला लावू नका. डोक्याला मार लागला तर त्या दिवशी खेळ बंद, ‘काही नाही झालं सर’ म्हणाला तरी बंद आणि डॉक्टर. गडगडाट ऐकू आला की सगळे आत, शेवटच्या आवाजानंतर अर्धा तास थांबायचं. झपाट्याने उंची वाढणारा मुलगा गुडघ्याच्या वाटीखाली दुखतंय म्हणाला तर तो नाटक करत नाहीये, त्या वयात तिथलं हाड खेचलं जातं, उड्या-पळणं कमी करा. १०८ ला फोन कोण करणार आणि गेटवर अँब्युलन्स घ्यायला कोण जाणार हे आधीच ठरवा, दादरसारख्या ठिकाणी गेट शोधण्यातच वेळ जातो.

ट्रेनिंगनंतर

दोन रविवारांनी कोणी बदलत नाही, बदल पुढच्या दोन-तीन महिन्यांत होतो. कोचच्या जोड्या लावा, महिन्यातून एकदा एकाने दुसऱ्याच्या प्रॅक्टिसला जाऊन तोच वीस मिनिटांचा कागद भरायचा आणि नंतर चहा पिताना दोघांनीच बघायचा, कमिटीपुढे नाही. कमिटीपुढे गेला की सगळे खोटे कागद भरायला लागतात.

पालकांची एक मीटिंग कोचने घ्यायची, अर्ध्या तासाची, त्यात सांगायचं की बाउंड्रीवरून सूचना द्यायच्या नाहीत आणि घरी जाताना पहिला प्रश्न ‘किती रन केलेस’ नको, ‘मजा आली का’ चालेल. दहावीच्या क्लासचं गणित इथेच सोडवा, आठवड्यातून दोनच दिवस जमत असतील तर दोन दिवसांची बॅच ठेवा, पूर्ण नाव काढायला लावू नका.

कोचना मानधन द्या, कमी असेल तरी नियमित, आणि कॅम्पच्या फीमधून ते आधी बाजूला काढा, टी-शर्ट आणि ट्रॉफीचा खर्च नंतर. फी न परवडणाऱ्या पोरांची यादी कोच आणि खजिनदार एवढ्यांनाच माहीत असू दे.

हजेरीच्या वहीत एक जादा कॉलम पाडा. सलग तीन वेळा जो आला नाही त्याच्या घरी त्याच आठवड्यात कोचने स्वतः फोन करायचा, का आला नाहीस म्हणून झापायला नाही, ‘शनिवारी ये, तुला बोलिंगला घेतोय’ एवढं सांगायला, आणि उत्तर काय मिळालं ते कॉलममध्ये दोन शब्दांत लिहायचं, क्लास, बूट नाही, दादा मारतात, गावाला गेले. तीन महिन्यांनी सगळ्या कोचना परत एकत्र बसवाल तेव्हा चर्चेला तीच वही समोर घ्या. हे सगळं उन्हाळी कॅम्पच्या आधी व्हायला हवं, म्हणजे पहिला रविवार मार्चमध्येच ठरवून टाका, एप्रिलमध्ये पोरांच्या परीक्षा आणि कोचच्या स्पर्धा दोन्ही आडव्या येतात.